घराचे ८५ लाख सांगितले आणि ६८ ची ऑफर आली, तर

रागावू नका आणि लगेच फोनही ठेवू नका. ८५ ला ६८ म्हणणारा बहुधा तुमचा अंदाज घेतोय. त्याला एवढंच विचारा, हा आकडा कशावरून काढलात?

त्याआधी तुमचा अभ्यास झालेला हवा. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये आपल्याच सोसायटीतल्या अलीकडच्या व्यवहारांची सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, त्यात किंमत असते) बघा. शेजारी सांगतात तो भाव आणि दस्तातला भाव यांत बरंच अंतर असतं. (दस्तातला कधी मुद्दाम कमी दाखवलेला असतो, तेही ध्यानात ठेवा.) रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेले जागेचे दर, तर बघाच. त्यावरून निघणारं मुद्रांक मूल्यांकन तुमच्या विक्री किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त भरलं, तर भांडवली नफा त्या मूल्यांकनावर धरतात. म्हणजे हातात न आलेल्या पैशांवर कर!

उत्तर देताना थोडंच खाली या, ८३ वगैरे, आणि बदल्यात काहीतरी मागा: लवकर साठेखत (विक्रीचा करार), किंवा बँकेचं कर्जमंजुरीपत्र. मंजुरी हातात असलेला ८० वाला मला हवेतल्या ८४ वाल्यापेक्षा बरा वाटतो. ‘थोडे रोखीत घ्या’ म्हणाला तर विषय तिथेच संपवा. २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतलीत तर तेवढाच दंड बसू शकतो.

आपली घाई एजंटलाही सांगू नका. त्याला दलाली व्यवहार झाल्यावर मिळते, दोन लाख जास्त आणल्याने त्याच्या खिशात फारसा फरक पडत नाही.

महिनाभर सगळ्यांचेच आकडे सत्तरीत घुटमळले, तर भाव तुमचाच चढा आहे. जाहिरात बदला.