गणकयंत्राच्या चिपपासून घरच्या संगणकापर्यंत

प्रश्न : पहिला मायक्रोप्रोसेसर संगणकासाठी नव्हे, तर कॅल्क्युलेटरसाठी तयार झाला, असे ऐकले. हे खरे आहे का?

उत्तर : होय, खरे आहे. मायक्रोप्रोसेसर म्हणजे दिलेल्या सूचनांप्रमाणे हिशेब करणारी, संगणकाचा मेंदू मानली जाणारी चिप. १९६९ मध्ये बिझिकॉम या जपानी कंपनीने आपल्या छापील हिशेब देणाऱ्या कॅल्क्युलेटरसाठी इंटेल या अमेरिकी चिप कंपनीकडे अनेक वेगवेगळ्या चिप मागितल्या. प्रत्येक कामाला वेगळी चिप घडवण्याऐवजी स्मृतीत साठवलेल्या सूचनांप्रमाणे कोणतेही काम करणारी एकच सर्वसाधारण चिप का करू नये, हा विचार इंटेलचे अभियंते टेड हॉफ यांनी मांडला आणि माझ्या मते सारी क्रांती या एका प्रश्नात आहे. मात्र कल्पना सिलिकॉनवर उतरवण्याचे कष्ट इंटेलचेच फेडेरिको फॅजिन यांचे. बिझिकॉमचे मासातोशी शिमा त्यांच्या सोबतीला होते. शिमा यांचे श्रेय अनेकदा झाकले जाते, म्हणून हे आवर्जून सांगतो. फॅजिन यांनी चिपच्या कडेला आपली ‘एफ. एफ.’ ही आद्याक्षरे कोरली होती.

सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर (सूक्ष्म विद्युत स्विच) असलेली ही ४ बिटची, म्हणजे एका वेळी ० किंवा १ असे चार अंक हाताळणारी, ‘४००४’ चिप नोव्हेंबर १९७१ मध्ये जाहीर झाली. तिच्यावर घरगुती संगणक उभा राहिला नाही; त्यासाठी इंटेलचीच १९७४ ची ८ बिटची ‘८०८०’ यावी लागली. तिच्यावर बेतलेला संगणक ‘अल्टेअर ८८००’ जानेवारी १९७५ मध्ये एका अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. त्याला ना कळफलक होता, ना पडदा. पुढच्या पट्टीवरील खटके एकेक वर-खाली करून सूचना भरायच्या आणि उत्तर लुकलुकणाऱ्या लाल दिव्यांवरून वाचायचे.