वरच्या संघात बसायचं की खालच्या संघात खेळायचं?

‘ताई, मुलगा दहावीत आहे. फुटबॉलचा सीझन ऑक्टोबरात संपला, आता बास्केटबॉल चालू आहे. हल्ली फार चिडचिड करतो, धड जेवत नाही, बोलायला गेलं की खोलीचं दार लावून घेतो. दोन-दोन खेळ झेपत नाहीत असं आम्हाला वाटतं. पुढच्या वर्षी फुटबॉल बंद करावं म्हणतोय. तसाही तिथे तो रिझर्व्ह टीममध्येच होता. बास्केटबॉलमध्ये व्हर्सिटीत घेतलंय, ते चालू ठेवू. पण त्याला सांगायचं कसं?’

हा प्रश्न इंडियानातल्या एका आईचा. ओळख पटेल असे तपशील मी बदललेत, आणि घरातल्या तिघांनाही विचारून हे लिहितेय. इंडियानातल्या कोलंबस शहरात इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं मुख्यालय आहे, त्यामुळे पुण्याहून आलेली मराठी घरं त्या भागात बरीच. हे कुटुंब मात्र तिथून अर्ध्या तासावरच्या छोट्या गावात राहतं. वडील कमिन्समध्ये इंजिनिअर, आई फार्मसिस्ट. गावात हायस्कूल एकच. मुलाला आपण निशांत म्हणू.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. इथलं फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंगावर आदळत खेळायचं अमेरिकन फुटबॉल. शाळेचा पहिला संघ व्हर्सिटी. त्याची मॅच शुक्रवारी रात्री, दिव्यांच्या उजेडात, अख्ख्या गावासमोर. दुसरा संघ रिझर्व्ह, कुठे त्याला जेव्ही म्हणतात. त्यात बहुतेक नववी-दहावीची मुलं. त्यांची मॅच शनिवारी सकाळी नाहीतर सोमवारी संध्याकाळी, आणि बघायला फक्त आई-बाबा. बास्केटबॉलमध्ये दोन्ही मॅच एकाच संध्याकाळी, आधी रिझर्व्हची आणि मग व्हर्सिटीची. लहान शाळेत मुलंच कमी असतात, म्हणून तीच पोरं ऑगस्टमध्ये फुटबॉल, नोव्हेंबरपासून बास्केटबॉल आणि वसंतात बेसबॉल खेळताना दिसतात.

पहिल्या भेटीत मी आई-वडिलांना एवढंच विचारलं, की मॅचवरून आल्यावर तो काय करतो? आई पटकन म्हणाली, ‘फुटबॉलच्या वेळी ना? शनिवारी आला की बूट दारातच, आणि सरळ फ्रिजकडे. चार पोळ्या, वर सीरियलचा वाडगा. आणि बडबड, बडबड.’ आणि आता? ती जरा थांबली. ‘आता रात्री दहाला येतो. भूक नाही म्हणतो. डबा तसाच.’

पोरगं खेळून आलं की खातं. पंधरा वर्षांचा मुलगा रात्री दहाला मॅचवरून येऊन भूक नाही म्हणतो, तेव्हा मला गुणपत्रिकेपेक्षा ती गोष्ट जास्त खटकते. त्यातून हे ज्या खेळात घडत होतं तो आई-वडिलांना ठेवायचा होता, आणि ज्या खेळात तो जेवत होता तो बंद करायचा होता.

निशांतशी एकटीने बोलले. सुरुवातीला ‘फाइन’, ‘ओके’ यापलीकडे काही नाही. मग मी खरोखरच न कळून विचारलं, की तू फुटबॉलमध्ये नक्की करतोस काय? कारण आईची तक्रार अशी होती, की एवढी मॅच होते पण आमच्या मुलाच्या हातात बॉल एकदाही येत नाही. तो पहिल्यांदा हसला. गृहपाठाचा कागद उलटा केला आणि त्यावर एका ओळीत पाच गोल काढले. ‘मावशी, हा मी. गार्ड.’ समोर फुल्या. मग त्याच्या गोलातून एक बाण निघाला, बाकीच्यांच्या पाठीमागून वळसा घालून दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथल्या फुलीवर धडकला. ‘मी माझी जागा सोडून इकडे पळतो आणि ह्याला उडवतो. मग आमचा रनर माझ्या मागून जातो. मी एक सेकंद लेट झालो की तो मेला.’ बॉल हातात न येण्याचं त्याला काडीचं दुःख नव्हतं. रिझर्व्हच्या जवळजवळ प्रत्येक मॅचमध्ये तो चारही क्वार्टर मैदानात होता.

आणि बास्केटबॉल? कागद बाजूला गेला. उंची चांगली म्हणून, आणि वरच्या वर्गातली दोन मुलं दुखापतीने बाहेर बसली म्हणून कोचने त्याला व्हर्सिटीत उचललं. म्हणजे रिझर्व्हची मॅच खेळायची नाही, आणि व्हर्सिटीच्या मॅचला वॉर्मअपचं जाकीट घालून बाकावर. संघ वीस पॉइंटने पुढे असला तर शेवटचं एक मिनिट. ‘मी आत गेलो की स्टुडंट सेक्शन उभा राहून ओरडतो. सगळ्यांना माहीत असतं ना, मी का आलोय ते. ते नको वाटतं मला.’

ओरडणाऱ्या मुलांना ते कौतुक वाटत असेल. त्याला नव्हतं वाटत, एवढं मला पुरे होतं.

इंडियानात हे जास्त लागतं, कारण तिथे बास्केटबॉल म्हणजे गावाची इभ्रत. १९५४ साली मायलन नावाच्या खेड्यातल्या, जेमतेम १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने मन्सी सेंट्रलसारख्या मोठ्या शाळेला ३२–३० असं हरवून राज्याचं अजिंक्यपद घेतलं. ती गोष्ट अजून प्रत्येक कोच सांगतो. १९९७ पर्यंत लहान-मोठ्या सगळ्या शाळांची मिळून एकच स्पर्धा असायची. न्यू कॅसल गावच्या हायस्कूलच्या बंदिस्त मैदानात हजारो माणसं बसतात. अशा ठिकाणी बाकावर बसणं म्हणजे मारुतीच्या पारावर गावासमोर बसणं.

आता वडिलांकडे वळते. त्यांनी व्हर्सिटीच्या संघाची यादी, मुलाच्या नावाला गोल करून, सांगलीच्या घरच्या ग्रुपवर टाकली होती. आजोबा दर रविवारी फोनवर विचारायचे, ‘काय रे, किती पॉइंट केलेस?’ याला काय उत्तर देणार? तो फोन टाळायला लागला, आणि घरात त्याचा अर्थ ‘उद्धट झालाय’ असा लागला. वडिलांचं म्हणणं असं, की व्हर्सिटीचं नाव कॉलेजच्या अर्जावर शोभतं, कदाचित स्कॉलरशिपही मिळेल. मी त्यांना कॉलेज क्रीडा संघटनेचाच आकडा सांगितला: हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या शंभरातली सातेक मुलं पुढे कॉलेजच्या संघात खेळतात, आणि स्कॉलरशिप मिळणारी त्याहून कमी. इंजिनिअर माणूस, गणित लगेच कळलं. पटायला वेळ लागला.

मी माझं मत आडवळणाने सांगत नाही. पंधरा-सोळाच्या वयात मुलाने खेळलं पाहिजे; कुठल्या संघाची जर्सी घालून, हे दुय्यम. बाकावर बसून खेळ येत नाही. सरावात येतो म्हणाल तर थोडाफार येतो, पण चुकायची मुभा फक्त मॅचमध्ये मिळते आणि ती खालच्या संघात जास्त मिळते. आपल्या घरांतून मात्र यादीत नाव कुठे लागलं यावर सगळा हिशोब चालतो.

आईची फुटबॉलची भीती मी यापासून वेगळी काढली, कारण ती खरी आहे. डोक्याला मार लागू शकतो, आणि ‘काही होत नाही’ असं मी कुणालाच सांगणार नाही. इंडियानाच्या कायद्यानुसार कन्कशनचा, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्याचा, संशय आला की खेळाडूला तिथल्या तिथे बाहेर काढावं लागतं, चोवीस तासांच्या आत परत घेता येत नाही, आणि त्यानंतरही वैद्यकीय तज्ज्ञाची लेखी परवानगी लागते. कागदावर हे उत्तम. पण मी आईला एक प्रश्न शाळेत विचारायला लावला: शुक्रवारी रात्री मैदानावर असणारा अॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती बघणारा माणूस, शनिवारी रिझर्व्हच्या मॅचलाही हजर असतो का? पालक हे सहसा विचारतच नाहीत. आणि निशांतला विचारलं, की डोकं गरगरलं तर सांगशील की लपवशील? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आधी लपवलं असतं.’ आईच्या देखत म्हणाला, हे महत्त्वाचं.

कोचशी बोलायला वडील निघाले होते. त्यांना थांबवलं. बऱ्याच शाळांत रिवाजच असा, की खेळायच्या वेळेबद्दल आधी मुलाने बोलायचं, आणि मॅच संपल्या संपल्या पालकांनी कोचला गाठायचं नाही. निशांतने काय म्हणायचं ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. दुसऱ्या कुणाचं नाव नाही, तक्रार नाही; फक्त ‘मला रिझर्व्हमध्ये खेळायचंय, वर लागलो तर तिथेही येईन.’ सरावानंतर बॉल गोळा करताना बोलला. कोच म्हणाला, तीन क्वार्टर रिझर्व्हमध्ये खेळ, मग जर्सी बदलून वर बस. म्हणजे बसणं सुटलं नाही. पण पुढच्याच आठवड्यात डबा रिकामा यायला लागला.

‘स्वतःहून खाली गेला?’ हे वडिलांचं वाक्य मी तीन भेटी ऐकलं. तिसऱ्या भेटीत निशांतच म्हणाला, ‘बाबा, तुम्ही सहाच्या मॅचला या ना, साडेसातच्या नको.’ ते गेले. ऑफिसातून लवकर निघावं लागतं म्हणून कुरकुरत गेले.

प्रत्येक मुलाला हेच लागू पडेल असं नाही. काही मुलांना वरच्या संघाच्या बाकावर बसूनही मजा येते, संघात असणं हेच त्यांना हवं असतं. त्यांना खाली ओढू नका. मूल खरंच सोडायचं म्हणत असेल तर सीझन संपेपर्यंत थांबायला सांगा आणि मग सोडू द्या. कोच अपमान करत असेल तर थांबायचीही गरज नाही. अंदाज येत नसेल तर मॅचनंतर गाडीत काही विचारू नका. घरी पोचल्यावर ते फ्रिज उघडतं का, तेवढं बघा.

पुढच्या रविवारी आजोबांचा फोन त्याने स्वतः घेतला. ‘सहा पॉइंट, आबा. आणि पाच फाउल.’ पाचव्या फाउलला बाहेर काढतात, हे त्यांना समजावण्यात दहा मिनिटं गेली म्हणे.

फुटबॉलचं मात्र अजून ठरलेलं नाही. पुढच्या शालेय वर्षासाठी डॉक्टरांचा तपासणी फॉर्म १ एप्रिलनंतरचा लागतो. आईने अपॉइंटमेंट घेतलीय. पालकाची सही ट्रेनरच्या प्रश्नाचं उत्तर शाळेकडून लेखी आल्यावरच करणार म्हणते. मी म्हटलं, बरोबर आहे.