व्हिटॅमिनची गोळी कुणाला हवी, कुणाला नको?

प्रश्न : थकवा होता म्हणून डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी-३ चं ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक, असं दोन महिने दिलं. बरं वाटलं. तेव्हापासून वर्षभर मेडिकलमधून आणून घेतेय. चालेल ना? (गृहिणी, सातारा)

उत्तर : आजच थांबवा. ते दोन महिने कमतरता भरून काढण्यासाठी होते. डी शरीरात चरबीत साठतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. अती झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, पुढे मूतखडा आणि मूत्रपिंडाला इजासुद्धा. त्रास असो वा नसो, रक्तातलं डी, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) तपासून घ्या. अमेरिकेत जवळपास २६ हजार जणांवर 'व्हायटल' ही चाचणी झाली. रोज २,००० युनिट डी सुमारे पाच वर्षं घेऊनही कर्करोग किंवा हृदयविकार टळला नाही, हाडं मोडायचीही कमी झाली नाहीत. मात्र ही माणसं कमतरता बघून निवडलेली नव्हती. ज्याला खरंच कमी आहे, त्याला डी द्यायलाच हवं.

प्रश्न : यजमानांची सिगारेट सुटत नाही. निदान अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या देऊ का? (पुणे)

उत्तर : बीटा कॅरोटिन (गाजरात असतं ते अँटिऑक्सिडंट) असलेली गोळी तर मुळीच नको. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हाच प्रयोग झाला. १९९४ साली निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. गाजर खुशाल खाऊ द्या. गोळ्यांचे पैसे सिगारेट सोडवण्याच्या उपचारावर घाला.

प्रश्न : शाकाहारी आहे, मधुमेहासाठी दहा वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. तळपायाला मुंग्या येतात. (निवृत्त शिक्षक, नांदेड)

उत्तर : सर, बी-१२ तपासा, अंगावर काढू नका. मेटफॉर्मिनमुळे ते आतड्यात कमी शोषलं जातं आणि शाकाहारात दूध-दही सोडलं तर ते फारसं नसतंच. मुंग्या मधुमेहानेही येतात, म्हणून तपासणी हवी. मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका. नुसतं फॉलिक ॲसिडही घेऊ नका, त्याने रक्त सुधारतं पण नसांचं नुकसान चालूच राहतं.

प्रश्न : सुनेला दिवस राहिल्यावर फॉलिक ॲसिड सुरू करायचं ना? (कोल्हापूर)

उत्तर : त्याआधीच. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चारेक आठवड्यांत मिटते, तेव्हा पुष्कळदा पाळी चुकल्याचंच नुकतं कळत असतं. निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळात ही नळी नीट न मिटल्याचा दोष असेल तर डोस बराच मोठा लागतो, तो डॉक्टरच ठरवतील.