घरातली तेलुगू बंद करू नका, आम्ही केली होती

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुलगा तिसरीत, महापालिकेची मराठी शाळा, घरी तेलुगू. वही भरलेली असते पण धडा वाचता येत नाही, आणि आता सर म्हणतात, घरात फक्त मराठी बोला. हे शेवटचं वाचलं आणि हातातला टॉवेल मशीनवर तसाच राहिला. आम्हालाही हेच सांगितलं होतं आणि आम्ही ऐकलं होतं.

आधीच सांगते, मी शिक्षिका नाही. टॉवेलची शिलाई करते, आमचे मिस्टर यंत्रमागावर आहेत. आमच्या मुलीचं जे झालं तेच लिहिते. तुमच्या मुलाचं कारण वेगळंही असू शकतं, म्हणून डोळे आणि कान एकदा तपासून घ्या. रोज शाळेत पाठवा, डबा द्या वगैरे तुम्ही करतच असाल.

आमची मुलगी चौथीत होती. प्रगतिपुस्तकात मराठीला ब-1. रोज संध्याकाळी धडा मोठ्यानं वाचायची, मी शिवता शिवता ऐकायची आणि खूश व्हायची. एकदा सहज ओळीच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणलं, हा कोणता? तिनं ओळीच्या सुरुवातीपासून पुटपुटायला सुरुवात केली आणि त्या शब्दापाशी येऊन थांबली. दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं, परत पहिल्यापासून. पोरीला सगळा धडा पाठ होता. वाचता मात्र एकही शब्द येत नव्हता. ट्यूशनला पैसे भरत होतो, तिथं फळ्यावरची उत्तरं उतरवून वह्या भरल्या जात होत्या.

मग मी मदत मागायला एका कार्यालयात गेले. शाळेचं पत्र आणा म्हणाले. शाळा म्हणाली, तिकडून लेखी आणा. तीन दिवस अर्धा-अर्धा खाडा पडला. शेवटी एका साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "घरात तेलुगू बोलता ना? मग कसं येणार? बंद करा." कागद नाही, मदत नाही, एवढं एक वाक्य. आम्हाला वाटलं, शिकलेला माणूस आहे, बरोबरच सांगत असेल.

दुसऱ्या दिवसापासून घरात मराठी. आता आमची मराठी केवढी? जेव. झोप. अभ्यास कर. मार खाशील. एवढीच! आधी ती शाळेतून आली की अव्वाच्या मांडीवर बसून तेलुगूत अर्धा तास सांगायची, कोण पडलं, बाई काय म्हणाल्या, खिचडी कशी होती. ते बंद पडलं. विचारलं तर "काय नाय". अव्वाला मराठी येत नाही, ती बिचारी नातीशी बोलायलाच घाबरायची. जवळजवळ दोन वर्षं घर असं मुकं होतं. ट्यूशनचे पैसे गेले त्याचं काही नाही, त्या दोन वर्षांचं मला अजून वाईट वाटतं. आणि एवढं करून वाचन जिथं होतं तिथंच.

माझं मत, चुकीचं वाटलं तर सोडून द्या: ज्या पोराला एका भाषेत गोष्ट नीट सांगता येते, त्याला दुसऱ्या भाषेतली गोष्ट कळायला लागते. आपणच त्याची येणारी भाषा काढून घेतली, तर तो सांगणार कशात?

नंतर एका बाईंनी वाट दाखवली. शाळेत जो धडा झाला तो संध्याकाळी अव्वाला तेलुगूत सांगायचा. अव्वा प्रश्न विचारणार, "मग तो कोल्हा का गेला?" उत्तर येईना की पोरगी आपणहून पुस्तक उघडायची. पाठांतर तिथं चालत नाही ना. त्यासोबत रोज दहा मिनिटं सुटे शब्द, तेही पुस्तकाबाहेरचे: पिशवीवरचे, दुकानाच्या पाटीवरचे, लाईट बिलावरचे.

अजून एक. तुमचा मुलगा "घर"ला "गर" आणि "भाकरी"ला "बाकरी" लिहितो का? आमची लिहायची आणि वही लाल व्हायची. आपल्या बोलण्यातल्या तेलुगूत ख, घ, भ यातली हवा फारशी निघत नाही. मूल ऐकतं तसं लिहितं, त्यात ते मठ्ठ नसतं. मी तिच्या तळहातावर टॉवेलचं तूस ठेवायची आणि हात तोंडासमोर धरायला सांगायची. "ब" म्हणलं की तूस जागेवर, "भ" म्हणलं की उडालं पाहिजे. हसत-हसत चार दिवसांत फरक कळला. तुमच्या सरांनाही हे शांतपणे सांगून बघा. सर वाईट नसतात हो, वर्गात चार घरच्या चार भाषा असतात.

सरांना भेटायला लाजू नका. मुलाला काय येतं, काय येत नाही हे पालकांना भेटून सांगणं, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाच्या कामातच लिहिलंय. शाळा व्यवस्थापन समितीतही तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका पाहिजेत. आमच्याकडं सह्यांची वही घरी फिरायची. मी एकदा म्हणलं, आधी बैठक, मग सही. जरा तोंडं वाकडी झाली, पण बैठक झाली. "मुलगा कसा आहे?" असं विचारू नका, "बरा आहे" एवढंच उत्तर येतं. समोर एक न शिकवलेला परिच्छेद ठेवा आणि म्हणा, सर, हा वाचून घ्या.

इंग्रजी माध्यमात टाकू का, असंही विचारलंय तुम्ही. मी तर टाकणार नाही. दोन भाषांत अडकलेल्या पोराला तिसरी कशाला?

विषय निघालाच आहे तर, तुम्ही विड्या वळता असं लिहिलंय. विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर मुलांना केंद्राच्या श्रम खात्याची शिष्यवृत्ती पहिलीपासून असते, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. पण आधार, पासबुक आणि शाळेचं रजिस्टर तिन्हीकडं आडनाव सारखं आहे का ते आधी बघा. आपली आडनावं प्रत्येक जण वेगळी लिहितो आणि अर्ज तिथंच अडकतो.

बाकी सगळं उद्या. आज रात्री विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसाल तेव्हा त्याला तेलुगूत विचारा, आज शाळेत काय झालं? आणि किती वेळ बोलला ते इथं लिहा.