ठराव कुठला, ते आधी सांग

अगं पोरी,

ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्यावरच्या सरावाच्या बातमीत तू लिहिलंस, ‘जॉन्सन यांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला, सरकार वाचलं.’ आणि आता विचारतेस, ठराव जिंकलेला माणूस महिन्याभरात राजीनामा कसा देतो? गफलत त्या ‘ठराव’ शब्दातच आहे. ६ जून २०२२ ला झालेलं मतदान सभागृहाचं नव्हतंच. जॉन्सन यांच्याच हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या ३५९ खासदारांनी एका समितीकक्षात गुप्तपणे टाकलेली ती मतं. विरोधकांचा त्यात काडीचा संबंध नव्हता. सरकार पडणार नव्हतं, म्हणून ते ‘वाचलं’ही नाही. पक्षाला हा नेता हवा का, एवढंच विचारलं होतं. २११ जण हो म्हणाले, १४८ नाही.

आपल्याला व्हिपची सवय. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टामुळे, म्हणजे पक्षांतरबंदीमुळे, आपल्याकडे सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत दिलं की खासदारकी धोक्यात येते, त्यामुळे ‘स्वपक्षीयांनीच पंतप्रधानाला घालवलं’ हे चित्र डोक्यात नीट बसत नाही. ब्रिटनमध्ये ते पक्षाच्या नियमावलीतून घडतं. म्हणून सांगतो, आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे: आधी नियम वाच. कोण नाराज, किती नाराज, सूत्रं काय म्हणतात, हे सगळं नंतर.

हुजूर पक्षाचा त्या वेळचा नियम असा. पक्षाच्या खासदारांपैकी १५ टक्क्यांनी अविश्वासाची पत्रं द्यायची. ती जातात ‘१९२२ समिती’च्या, म्हणजे पक्षाच्या मंत्री नसलेल्या खासदारांच्या संघटनेच्या, अध्यक्षाकडे. पत्रं किती आली हे फक्त त्यालाच माहीत असतं, आणि दिलेलं पत्र मागेही घेता येतं. तेव्हा कुणी ‘आतापर्यंत ४० पत्रं’ असं छापलं की समज, तो अंदाज आहे. जॉन्सन यांच्या वेळी ५४ पत्रं लागत होती, त्यांच्या आधीच्या पंतप्रधान टेरेसा मे यांच्या वेळी ४८. तेवढी झाली की मतदान. समोर दुसरा उमेदवार लागत नाही, साधं बहुमत पुरतं. नेता जिंकला तर पुढचे १२ महिने त्याच्याविरुद्ध पुन्हा मतदान नाही.

आता आकडा उघडून बघ. त्या ३५९ जणांत दीडशेहून अधिक जण मंत्री किंवा मंत्र्यांचे सहायक, म्हणजे पंतप्रधानांच्या मर्जीने पदावर बसलेले. मतदान गुप्त असल्यामुळे खात्रीने काही म्हणता येत नाही, पण ते सगळे निष्ठावान राहिले असं धरलंस तर मागच्या बाकांवरच्या, म्हणजे पद नसलेल्या, जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी ‘नको’ म्हटलं. २११ विरुद्ध १४८ हा विजय वाटतो तो वरवर बघणाऱ्याला. मे यांनाही १२ डिसेंबर २०१८ ला २०० विरुद्ध ११७ असा कौल मिळाला होता. २४ मे २०१९ ला त्यांनी जाण्याची घोषणा केली.

इथे तू म्हणशील, मग नियम वाचून उपयोग काय? वर्षभराचं संरक्षण असताना मे गेल्या, जॉन्सन गेले, आणि नव्या नेत्याला तेच संरक्षण असतानाही जॉन्सन यांच्यानंतर आलेल्या लिझ ट्रस यांनी ४५व्या दिवशी राजीनामा जाहीर केला. हा आक्षेप मी इतक्यांदा ऐकलाय की आता चिडही येत नाही. थोडी येते. अगं, नियम वाच म्हणजे शेवटच्या ओळीपर्यंत वाच. ती वर्षाची सवलत लिहिणारीही १९२२ समितीच आणि बदलू शकणारीही तीच. जुलै २०२२ मध्ये तिच्या कार्यकारिणीची निवडणूक तोंडावर होती आणि सवलत काढून टाकण्याची भाषा उघडपणे चालली होती. तेव्हा अशा प्रकरणांचा एक तक्ता कर आणि त्यात एक रकाना हाच ठेव: नियम कोण बदलू शकतं?

दुसरा रकाना: रिकाम्या खुर्च्या भरता येतात का? ५ जुलै २०२२ च्या संध्याकाळी अर्थमंत्री सुनक आणि आरोग्यमंत्री जाविद यांचे राजीनामे काही मिनिटांच्या अंतराने आले. पुढच्या दोन दिवसांत पन्नासहून अधिक जण गेले. ५ तारखेला नेमलेल्या शिक्षणमंत्री ७ तारखेला राजीनामा देऊन मोकळ्या. खात्यांना मंत्री मिळेनासे झाले की संरक्षणाचं कलम कपाटात राहतं. राजीनाम्याची पत्रंही नीट वाचायची. ‘मला हे पद सांभाळता येत नाही’ आणि ‘तुम्ही जायला हवं’ यांत फार अंतर आहे, आणि दुसऱ्या प्रकारची किती आली ते मोजायचं.

नियमाची ताकद बघायची तर हुजूर पक्षाच्याच पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचं उदाहरण घे. त्यांना आव्हान दिलं होतं पक्षातल्याच हेजेलटाइन यांनी. २० नोव्हेंबर १९९०, पहिली फेरी: थॅचर २०४, हेजेलटाइन १५२. स्पष्ट बहुमत. पण तेव्हाच्या नियमानुसार बहुमताखेरीज मताधिकार असलेल्या एकूण खासदारांच्या १५ टक्के आघाडी हवी होती. खासदार ३७२, म्हणजे ५६ची आघाडी. मिळाली ५२ची. दोन जणांनी मत फिरवलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. दुसरी फेरी घ्यावी लागणार होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थॅचर यांनी मंत्र्यांना एकेक करून बोलावलं, बहुतेकांनी ‘तुम्ही जिंकणार नाही’ असं सांगितलं, आणि २२ तारखेला सकाळी पद सोडण्याचा निर्णय झाला. ‘मंत्र्यांनी दगा दिला’ हे लिहायला सोपं. दग्याला वाव नियमाने दिला होता, हे लिहायला नियम माहीत असावा लागतो. लोक मला यावरून कारकून म्हणतात. म्हणोत. भावनेच्या भरात ‘वाचले’, ‘संपले’ असे मथळे देऊन तोंडघशी पडलेल्यांत आम्ही जुनी मंडळीही आहोत, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

ब्रिटनच्याच मजूर (लेबर) पक्षात गणितच वेगळं. तिथे नुसतं ‘नको’ म्हणून चालत नाही, पर्यायी माणूस उभा करावा लागतो. २०२१ च्या बदलानंतर आव्हान देणाऱ्याला पक्षाच्या २० टक्के खासदारांचं अनुमोदन लागतं. विद्यमान नेत्याला काहीच गोळा करावं लागत नाही, त्याचं नाव मतपत्रिकेवर आपोआप येतं. शेवटचा कौल सदस्यांचा. म्हणून तिथे शंभर नाराज असले तरी चार इच्छुकांत विभागले की आव्हान उभंच राहत नाही. मजूर पक्षाच्या बातमीत ‘अविश्वासाची पत्रं’ लिहिलंस तर मी ती फाडून टाकीन.

जपानमध्ये आणखी एक खोच आहे. २०२५ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान इशिबा यांच्या पक्षाला मुदतीआधी पक्षाध्यक्षपदाची निवडणूक घ्यायची तर २९५ खासदार आणि ४७ प्रांतिक शाखा, मिळून ३४२ पैकी १७२ जणांची मागणी हवी होती. तीही सहीनिशी, आणि नावं जाहीर होणार. गुप्त मतपत्रिकेवर धीट असणारे उघड सहीला कचरतात, म्हणून हा नियम नेत्याच्या बाजूचा वाटतो. पण सह्यांच्या आदल्या दिवशी, ७ सप्टेंबरला, इशिबा यांनीच राजीनामा जाहीर केला. कॅनडात उलट. तिथे खासदारांनी मतदान करून नेत्याला हटवण्याचा नियम त्या पक्षाच्या खासदारांनी स्वीकारला तरच लागू होतो, आणि सत्ताधारी लिबरल पक्षाच्या खासदारांनी तो स्वीकारलेलाच नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्यातल्या दोन डझनांच्या आसपास जणांनी पंतप्रधान ट्रुडो यांनी जावं असं पत्र दिलं. त्यातून मतदान होणारच नव्हतं. १६ डिसेंबरला अर्थमंत्री फ्रीलंड यांनी राजीनामा दिला आणि ६ जानेवारी २०२५ ला ट्रुडो यांनी जाण्याची घोषणा केली.

तारखांत सगळेच फसतात. राजीनामा जाहीर करणं, पक्षाचं नेतृत्व सोडणं आणि पंतप्रधानपद सोडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मे यांच्या बाबतीत त्या अनुक्रमे २४ मे, ७ जून आणि २४ जुलै २०१९ अशा आहेत. जॉन्सन ७ जुलैला ‘गेले’ असं तू लिहिलंस. ते ६ सप्टेंबरपर्यंत पंतप्रधान होते. थॅचर यांच्यानंतरचे पंतप्रधान जॉन मेजर यांनी तर जून १९९५ मध्ये पक्षाचं नेतृत्व सोडून स्वतःच निवडणूक ओढवून घेतली, २१८ विरुद्ध ८९ अशी जिंकली, आणि त्या काळात पंतप्रधानपद एक दिवसही सोडलं नाही.

बातमी पुन्हा लिहून पाठव. पहिल्या परिच्छेदात मतदान कुणाचं, कुठे आणि कोणत्या नियमाखाली, हे आलं पाहिजे. ‘सरकार वाचलं’ कुठेही नको. ‘नाराजीचा सूर’ही नको, तो कुणालाच मोजता येत नाही.