सेल बदलला म्हणून वॉरंटी जाते का?

प्रश्न : माझ्या पतींची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. चालताना हृदयाचे ठोके ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितल्यामुळे मी ठोके मोजणारा छातीचा पट्टा ऑनलाइन मागवला. किंमत ७,८०० रुपये, वॉरंटी एक वर्ष. आठव्या महिन्यात मोबाइलवर बॅटरी संपत आल्याची खूण दिसू लागली. माहितीपत्रकात सेल घरच्या घरी कसा बदलायचा याची चित्रं आहेत, पण आम्हा दोघांना बारीक दिसत नाही, म्हणून बाजारातल्या घड्याळवाल्याकडून १५० रुपयांत सेल बदलून घेतला. पट्टा पंधरा दिवस छान चालला. मग एका सकाळी हे पावसात भिजले आणि तो बंद पडला. सर्व्हिस सेंटरने कागदावर लिहून दिलं : ‘अनधिकृत व्यक्तीने उघडले आहे, आत ओल आहे, वॉरंटी रद्द.’ नवा सेन्सर हवा तर ४,६०० रुपये सांगतात. घड्याळवाला म्हणतो, मी फक्त सेल बदलला. जुना सेल मी जपून ठेवला आहे. दावा कोणावर करायचा? यांच्या जिवाशी खेळ झाला म्हणून एक लाख रुपये भरपाई मागता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर :

ताई, केवळ सेल बदलला या कारणावरून कंपनीला तुमची वॉरंटी नाकारता येणार नाही. पण सर्व्हिस सेंटरच्या त्या एका ओळीत दोन वेगळी कारणं आहेत. उपकरण उघडलं, हे पहिलं आणि आत ओल आहे, हे दुसरं. पहिलं कारण लंगडं आहे. दुसरं मात्र खरं ठरू शकतं, आणि तुमची सगळी केस तिथेच उभी राहील किंवा पडेल.

आधी पहिलं. अशा पट्ट्याचे दोन भाग असतात. एक धुता येणारा इलॅस्टिकचा पट्टा आणि दुसरा त्याला बटणांनी अडकवायचा छोटा सेन्सर. सेन्सरच्या पाठीवर झाकण असतं, कुठे नाण्याने फिरवून उघडायचं, तर कुठे बारीक स्क्रूंचं. आत बहुतेक वेळा सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा गोल सेल असतो. तो कधी ना कधी संपणारच, हे बनवणाऱ्याला पक्कं माहीत असतं. म्हणून तर त्याने झाकण उघडता येईल असं केलं आणि माहितीपत्रकात चित्रं छापली. ते माहितीपत्रक तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. ज्या कंपनीने ग्राहकाला झाकण उघडायला स्वतः सांगितलं, तिला ‘झाकण उघडलं’ हा ग्राहकाचा गुन्हा ठरवता येत नाही. ग्राहकाला जे करायची मुभा आहे ते त्याने दुसऱ्याच्या हातून करून घेतलं, तर तो दुसरा माणूस अनधिकृत कसा होईल? दिसत नाही म्हणून घड्याळवाल्याची मदत घेतली, यात तुमची काही चूक नाही.

तरीही वॉरंटी कार्ड एकदा शब्द न् शब्द वाचा. ‘अनधिकृत दुरुस्ती केल्यास वॉरंटी रद्द’ असं वाक्य बहुतेक कार्डांवर असतं. सेल बदलणं ही देखभाल आहे, दुरुस्ती नव्हे, असं तुम्हाला म्हणता येईल. करारातल्या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील, तर ज्याने तो शब्द लिहिला त्याच्या विरोधात जाणारा अर्थ घ्यायचा, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी विमा कंपन्यांच्या प्रकरणांत वारंवार वापरलं आहे. ‘सेल फक्त अधिकृत केंद्रातच बदला’ असं मात्र कार्डावर स्पष्ट छापलेलं असेल, तर मामला अवघड होतो. पण मग त्याच कंपनीने घरी सेल बदलायची चित्रं कशाला दिली, याचं उत्तर तिला द्यावं लागेल.

वाहनांच्या बाबतीत हा प्रश्न मोठ्या पातळीवर येऊन गेलेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. त्यात सुट्या भागांच्या मक्तेदारीबद्दल दंड होताच, शिवाय गाडी बाहेरच्या गॅरेजला दाखवली एवढ्यावरून वॉरंटी रद्द करण्याची सरसकट अट घालू नका, असंही बजावलं. तो आदेश मोटारींपुरता होता आणि त्यावर पुढे अपिलंही झाली, म्हणून तो तुमच्या पट्ट्याला आपोआप लागू होत नाही. पण युक्तिवादात त्याचा उल्लेख जरूर करा. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली, हे तुम्ही कदाचित वाचलं असेल. समिती म्हणजे कायदा नव्हे. तक्रारीत त्यावर भार टाकू नका.

आता ओल. सेन्सरच्या झाकणाखाली केसासारखी बारीक रबरी रिंग असते आणि पाणी तीच अडवते. सेल बदलताना ती खोबणीतून निसटली, पिळवटली, तिच्यावर एखादा धागा बसला किंवा झाकण शेवटच्या खुणेपर्यंत फिरलं नाही, तर घाम आणि पाऊस आत शिरतो. काही कंपन्या सेलबरोबर नवी रिंगही टाकायला सांगतात. तुमच्या माहितीपत्रकात तसं आहे का पाहा. सेलचा आकारही तपासा. २०३२ ची जाडी ३.२ मिलिमीटर, तर २०२५ ची २.५. दोघांचा व्यास सारखाच, म्हणून घाईत अदलाबदल होते. जुना सेल तुमच्याकडे आहे, त्यावरचा आकडा वाचून घ्या. त्या सेलवर चिकटपट्टी लावून तो झाकणाच्या डबीत उंच ठेवा. घरात लहान मूल येत-जात असेल तर हे आजच करा. असा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका गंभीर भाजते.

पण ओल दिसली म्हणजे दोष तुमचाच, असं नाही. रिंग जागेवर आणि शाबूत असेल, झाकण नीट बसलेलं असेल आणि तरीही पाणी शिरलं असेल, तर तो वस्तूतलाच दोष. छातीवर, घामात घालायलाच बनवलेली ही वस्तू आहे. खोक्यावर पाणीरोधक असल्याची खूण किंवा ३० मीटर असा आकडा असेल तर त्याचा फोटो काढा. एवढा दावा करणाऱ्या कंपनीला एका पावसाचं निमित्त सांगता येत नाही. वॉरंटीतल्या अपवादाचा आधार जो घेतो, त्यानेच तो अपवाद सिद्ध करायचा असतो. नुसता ‘आत ओल’ हा शेरा म्हणजे पुरावा नाही. ओल कुठे दिसली, रिंग कोणत्या अवस्थेत होती, संपर्कपट्ट्यांवर हिरवट थर आहे का, याचे फोटो आणि तंत्रज्ञाच्या सहीचा अहवाल लेखी मागा.

आणि सेन्सर आता घरी उघडू नका. कुतूहल म्हणूनही नको, ओळखीतल्या जाणकाराकडूनही नको. केंद्रातून परत घेताना काउंटरवरच त्याचा चारी बाजूंनी व्हिडिओ घ्या. पोचपावतीवर सही करताना ‘हरकत राखून परत घेतले, वॉरंटी रद्द केल्याचे मान्य नाही’ असं स्वतःच्या हाताने लिहा. पतींना पट्ट्याची निकड आहे म्हणून ४,६०० रुपये भरून नवा सेन्सर घ्यायचा विचार असेल तर हे जास्तच सांभाळा. अशा बदलीत केंद्र जुना भाग ठेवून घेतं. तो गेला की तुमची केसही गेली. पैसे भरायचेच असतील तर हरकत नोंदवून भरा आणि जुना सेन्सर परत मिळणार असेल तरच भरा.

दावा कोणावर, हे तुम्ही विचारलंत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे पैसे घेऊन दिलेली सेवा म्हणजे सेवाच, मग ती १५० रुपयांची का असेना. रिंग बसवायची राहिली असेल तर ती सेवेतली त्रुटी आहे आणि घड्याळवाला जबाबदार ठरतो. बिल नसलं तरी मोबाइलवरून पैसे दिले असतील तर त्याची नोंद पुरते. कायद्याने तुम्ही कंपनी आणि घड्याळवाला दोघांनाही विरुद्ध पक्ष करू शकता. तरीही आज मी तुम्हाला तसं करायला सांगणार नाही. ‘झाकण मी उघडलं, रिंग जागेवर होती, दुसऱ्या कशाला हात लावला नाही,’ असं तो सांगत असेल तर तो तुमचा सर्वांत उपयोगी साक्षीदार आहे. नोटीस पाठवलीत की पहिल्याच दिवशी तो तुमच्या विरोधात उभा राहील आणि कंपनी बाजूला बसून तुम्हा दोघांचं भांडण पाहील. त्याच्याकडून शांतपणे चार ओळींचं लेखी निवेदन घ्या. कोणता सेल टाकला, रिंग कशी दिसली, झाकण पूर्ण बंद झालं का, एवढंच. कंपनीच्या फोटोत रिंग गायब दिसली, तर त्याला पक्षकार करायला वेळ आहे. दीडशे रुपयांत काम करून देणाऱ्या माणसाला ग्राहक आयोगाच्या फेऱ्यांत ओढण्याआधी एवढी खातरजमा आपण केलीच पाहिजे.

कंपनी म्हणजे नेमकं कोण, हे खोक्यावर पाहा. वस्तू परदेशी असेल तर वैधमापन शास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे आयातदाराचं नाव आणि पत्ता छापणं बंधनकारक आहे. तो आयातदार, ऑनलाइन विक्रेता आणि ज्या संकेतस्थळावरून मागवलं ते, अशा तिघांना पक्षकार करा. संकेतस्थळ ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ म्हणेल. म्हणू द्या, त्याचा निर्णय आयोग करील.

एक लाखाचं मात्र मनातून काढा. तुमची भीती मला पूर्ण समजते. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या छातीवरचं यंत्र मुकं झालं की घरातल्याचा जीव वरखाली होणारच. पण व्यायामासाठी विकल्या जाणाऱ्या अशा बहुतेक पट्ट्यांच्या माहितीपत्रकात ‘हे वैद्यकीय उपकरण नाही, निदानासाठी किंवा उपचारासाठी वापरू नये’ अशी सूचना असते. तुमच्याही असेल, शोधा. शिवाय पतींना प्रत्यक्ष इजा झाली असं तुम्ही लिहिलेलं नाही, आणि ते कुशल आहेत हीच मोठी गोष्ट. इजा नसताना जिवाच्या धोक्याची रक्कम मागितली तर तुमची खरी, न्याय्य मागणीसुद्धा फुगवलेली वाटू लागते. याला अपवाद एकच. विक्रीच्या पानावर ‘हृदयरुग्णांसाठी उपयुक्त’ असं काही छापलेलं असेल, तर ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. ते पान बदलण्याआधी तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. आणि पट्टा बंद असेपर्यंत चालणं किती आणि कसं ठेवायचं, हे डॉक्टरांना आजच विचारून घ्या.

मागणी अशी करा : सेन्सर विनामूल्य बदलून द्या किंवा ७,८०० रुपये परत करा, शिवाय त्रासाबद्दल माफक रक्कम आणि तक्रारीचा खर्च. कायद्याच्या कलम ३९ खाली आयोग हे सगळं देऊ शकतो. ‘वॉरंटीची अटच अन्यायकारक करार आहे’ असा मुख्य मुद्दा करू नका. अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं, आणि आठ हजारांच्या वस्तूसाठी ते झेपणारं नाही. सदोष वस्तू, सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, या तीन मुद्द्यांवरच राहा.

वॉरंटी संपायला थोडेच महिने उरले असतील, म्हणून या आठवड्यातच कंपनीला आणि संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल पाठवा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मराठीत बोलता येतं, आणि कंपन्या याच टप्प्यावर नमतात असा माझा अनुभव आहे. तिथेही दाद मिळाली नाही तर १५ दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टने नोटीस पाठवा आणि पोच जपून ठेवा.

त्यानंतर सांगलीच्याच जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. अटींमध्ये दुसऱ्या शहराच्या न्यायालयाचं किंवा लवादाचं कलम छापलेलं असलं तरी घाबरू नका. लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील लागत नाही, आणि तक्रार ऑनलाइनही भरता येते. मुदत दोन वर्षांची आहे. ती नकाराच्या तारखेपासून नव्हे, तर पट्टा बंद पडला त्या दिवसापासून मोजा, म्हणजे वादाला जागा राहणार नाही.

तक्रारीसोबतच सेन्सर प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा अर्ज द्या. कलम ३८ मध्ये ती सोय आहे. तपासणीचं शुल्क सुरुवातीला तुम्हाला भरावं लागू शकतं, म्हणून आधी रक्कम विचारून घ्या. ती पट्ट्याच्या किमतीच्या आसपास जात असेल, तर कंपनीच्या अहवालातल्या उणिवांवरच लढणं परवडेल. कायद्यात तपासणी नसल्यास तीन महिने आणि असल्यास पाच महिने असं लिहिलं असलं, तरी प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. आयोगाने मध्यस्थी सुचवली तर नाही म्हणू नका. नवा सेन्सर आणि त्यावर पूर्ण एक वर्षाची नवी वॉरंटी, एवढं कंपनी देत असेल तर घ्या आणि तडजोडीच्या कागदावर नव्या वॉरंटीची तारीख लिहून घ्या. पुढचा सेल कोणाकडून बदलून घेतलेला चालेल, हेही त्याच कागदावर कंपनीकडून लेखी घ्या.