मराठवाड्यात भात लावल्याने विहिरींचे पाणी वाढेल का?

जपानमधील कुमामोतोप्रमाणे मराठवाड्यातही भातशेती वाढवून भूजल वाढवता येईल का, असे आपण विचारले आहे. बोअरचे पाणी उपसून भात करणार असाल, तर मुळीच नाही. कुमामोतोच्या ७ लाखांहून अधिक रहिवाशांना भूजलच प्यायला मिळते आणि खाचरांत पाणी सोडणाऱ्या शेतकऱ्यांना २००४ पासून मोबदला दिला जातो. परंतु तेथे खाली आसो ज्वालामुखीचे सच्छिद्र थर आहेत आणि पाणी शिराकावा नदीचे आहे. उपशावरच्या भाताने पंजाबात भूजल इतके खालावले, की लावणी लांबवण्यासाठी २००९ मध्ये कायदा करावा लागला.

पाणी मुरते ते अडवल्यामुळे. औसा तालुक्यातील आमच्या शिवारात ओढ्यालगत मुरमाड, खोलगट असे साळीचे वावर होते. साळ पेरून, केवळ पावसावर येई. चिखलणी कधीच केली जात नसे, त्यामुळे तळाशी पाणी रोखणारा घट्ट थर बसला नाही. बांधाआड पाणी साठून मुरत असे आणि खालच्या अंगाची विहीर भर उन्हाळ्यात जनावरांना पुरत असे. वाटणीत ते वावर थोरल्या चुलत भावाकडे गेले. सोयाबीन पिवळे पडते म्हणून त्यांनी जेसीबीने बांध फोडला, चर काढून पाणी ओढ्यात सोडले, आणि पुढच्याच वर्षी, पाऊस बरा होऊनही, संक्रांतीनंतर विहिरीचा तळ दिसू लागला. शिवारात बोअर वाढले म्हणून विहीर आटली, असे दादा आजही सांगतात. बोअर वाढले हे खरेच; पण ते बांध फुटण्याआधीही होते आणि तेव्हा विहीर टिकून होती.

अर्थात, एका विहिरीवरून साऱ्या मराठवाड्याचा निष्कर्ष काढता येणार नाही. खोल काळ्या जमिनीत पाणी फारसे खाली उतरत नाही; तेथे भात व बांध दोन्हींचा भूजलाला विशेष उपयोग नाही. मुरमाड खोलगट वावर असेल, तर मात्र परभणीच्या कृषी विद्यापीठाचे पेरसाळीचे वाण जरूर पाहावेत आणि सांडवा ठेवून बांध राखावा. वाटणी व्हायची असेल, तर बांध सामाईक असल्याचे आधीच लिहून घ्यावे. आमच्या वाटणीपत्रात विहीर सामाईक लिहिली गेली, बांधाचा उल्लेखच झाला नाही, आणि दादांना अडवण्यासाठी आमच्या हाती काहीच उरले नाही.